सुगरण आणि मुंग्यांचा रोजचा दाणा

ओढ्याकाठच्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांचे एक जोडपे सुखाने नांदत होते. एके सकाळी सुगरण नेहमीप्रमाणे पिल्लांना दाणे भरवत होती. तेवढ्यात शेजारचा कोतवाल पक्षी फांदीवर येऊन बसला. तो म्हणाला, "वहिनी, दादांना ससाण्यानं नेलं." सुगरणीने चोचीतला दाणा आधी पिल्लाच्या तोंडात घातला आणि मग विचारले, "कुठे?"

मुलांनो, दुःख झाले तरी पिल्लांची भूक थांबत नाही. सुगरणीला विणकाम उत्तम येत असे. एक मुनिया तिच्याकडे आली आणि म्हणाली, "मला तुमच्यासारखं घट्ट घरटं विणून द्याल? जोंधळा पिकला की दाणे आणून देईन. पण अंडी घालायच्या आत हवं हं!" तिचे पाहून आणखी मुनियाही आल्या. काम मिळाले, पण जोंधळा पिकेपर्यंत पिल्लांनी काय खावे? त्या ओढ्याकाठी मुंग्या आपल्या साठ्यातले दाणे गरजूंना उसने देत असत. तारण काही लागत नसे. दोन शेजाऱ्यांनी हमी दिली की पुरे. कोतवालाने आणि शेजारच्या खारीने हमी दिली. मुंग्यांची अट एकच होती : दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी एक दाणा वारुळाशी परत आणून ठेवायचा.

दाणा एकच, पण पिके अजून कोवळी होती. उसन्यातलाच परत करावा, तर पिल्लांना कमी पडे. म्हणून सुगरण विणकाम अर्धवट टाकून दाणा शोधायला दूर दूर जाई. गवताची पाती ओली असतानाच विणावी लागतात. ती परत येईपर्यंत पाती वाळून जात आणि वळवायला गेले की तुटत. एकदा तिला दाणा मिळालाच नाही. खार तणतणत आली. "अगं बाई, तुझ्यापायी मुंग्या माझ्या दारात उभ्या! एवढ्याशा त्या, पण रांग लावली की संपतच नाहीत!" सुगरण खाली मान घालून म्हणाली, "ताई, उद्या दोन आणते."

दुसऱ्या दिवशी एक म्हातारी मुंगी स्वतःच बाभळीवर चढून आली. अर्धवट घरट्यावर ती चालू लागली, तशी पायाखालची पाती वाळून तुटलेली दिसली. "बाई, कामात आळस करतेस की काय?" तिने विचारले. "आळस नाही, आजी," सुगरण म्हणाली. "विणू लागले की तुमचा दाणा राहतो, दाणा आणायला गेले की विणणं राहतं." म्हातारी मुंगी म्हणाली, "आम्ही रोज दाणा वेचतो, म्हणून तुझ्याकडेही रोज मागितला. तुझं काम कधी पिकतं, हे विचारायचंच आम्हाला सुचलं नाही." वारुळात जाऊन तिने सगळ्यांना समजावले. तेव्हापासून सुगरणीने सुगीनंतरच परतफेड करावी, असे ठरले.

मग सुगरण दिवसभर विणू लागली. बाभळीवर एकामागून एक घरटी झुलू लागली. जोंधळा पिकला, मुनियांनी दाणे आणून दिले आणि सुगरणीने मुंग्यांचे सगळे दाणे फेडले. खार वारुळापाशी जाऊन म्हणाली, "पुढच्या वेळीही हमी माझीच लिहा बरं का!" पहिली मुनिया मात्र वाट पाहून, अट बदलण्याआधीच अंडी घालायची वेळ आली तेव्हा दुसऱ्या रानात निघून गेली होती. तिचे घरटे अर्धवटच राहून गेले.

तात्पर्य : मदतीचा हात देताना आपल्या सवयीप्रमाणे अटी घालू नयेत, घेणाऱ्याचे काम कसे चालते, हे आधी त्यालाच विचारावे.