फुलात असतील तेवढ्या पाकळ्या

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक शाळा होती. शाळा बारावीपर्यंत होती आणि तिथे इंदुमती सोनटक्के नावाच्या बाई अकरावीला जीवशास्त्र शिकवत.

बाई मेहनती होत्या. धडा कधी अर्धा राहू देत नसत. पण त्यांची एक सवय होती. आकृती काढायला सांगितली की त्या म्हणत, "पुस्तकातल्यासारखी जशीच्या तशी आली पाहिजे. रेघ इकडची तिकडे झालेली मला चालणार नाही." मुलंही हुशार. त्यांनी सोपा मार्ग काढला. आदल्या वर्षीच्या मुलांच्या प्रयोगवह्या मिळवायच्या आणि उतरवून काढायच्या. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा तो फक्त बाई जवळून जाताना.

त्या वर्गात कस्तुरी वाघचौरे नावाची मुलगी होती. तिचे वडील टेम्पो चालवत. "सायन्स झेपलं तर शिक. एका विषयात जरी नापास झालीस तर कला शाखेला घालीन," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कस्तुरीला पुढे परिचारिका व्हायचं होतं. म्हणून ती जपून अभ्यास करी. उद्याचा धडा आज वाचून येई. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारी आणि वर्गात उभी राहून विचारी, "बाई, हे मला समजलं नाही."

वर्ग हसायचा. सुयश भांडारकर हा वर्गातला पहिल्या नंबरचा मुलगा. तो म्हणायचा, "समजायचं काय त्यात? पाठ कर की."

कधी कधी बाईसुद्धा वैतागून म्हणत, "कस्तुरी, खाली बस. पोर्शन संपवायचाय."

ती खाली बसे. पण घरी जाऊन स्वतःच्या शब्दांत लिहून काढी, आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन बाईंच्या टेबलाशी पुन्हा उभी राही.

वर्ष सरलं. प्रात्यक्षिक परीक्षा आली. ती घ्यायला तालुक्याच्या गावाहून खरमाटे नावाचे परीक्षक आले. प्रश्न ठरलेला होता: जास्वंदीच्या फुलाचं निरीक्षण करा, भाग ओळखा, आकृती काढा. याला वीस गुण. पाच गुण वहीचे आणि पाच तोंडी परीक्षेचे.

शिपाई सकाळी टोपलीभर फुलं तोडून घेऊन आला. शाळेच्या कुंपणाची फुलं कमी पडली, म्हणून त्याने शेजारच्या अंगणातलीही घेतली. त्या अंगणातली जास्वंद डबल होती. तिला पाकळ्यांचा नुसता घोस येतो. एकतीस मुलांपैकी नऊ जणांच्या ताटात ही डबल जास्वंद पडली. कस्तुरी त्यांतली एक होती, सुयश दुसरा.

कस्तुरीने कागद पुढे ओढला आणि हाताच्या सवयीने पाच पाकळ्या काढल्या. पुस्तकात पाचच होत्या. मग तिने फूल उचललं आणि तिची पेन्सिल थांबली. तिने मोजलं. पुन्हा मोजलं. सतरा. काही पाकळ्या मोठ्या, काही मधल्या दांड्यालाच फुटलेल्या आणि चुरगळल्यासारख्या. एका पाकळीच्या कडेला तर परागकणांची पिवळी पिशवी चिकटलेली होती. हिला पाकळी म्हणावी की पुंकेसर?

शेजारून सुयश कुजबुजला, "पाच काढ गं. वेडी आहेस का?"

कस्तुरीला वडिलांचे शब्द आठवले. पाच काढल्या तर कुणी काही म्हणणार नव्हतं. सतरा काढल्या तर काय होईल, ते तिला माहीत नव्हतं. तिने खोडरबर घेतला आणि पाचही पाकळ्या पुसून टाकल्या. फुलात होत्या तशा, होत्या तेवढ्या पाकळ्या काढल्या. ती पिवळ्या पिशवीची पाकळीही काढली, आणि तिच्याकडे बाण करून लिहिलं, "हे काय आहे ते मला माहीत नाही. पण माझ्या फुलात आहे."

खरमाटे सर टेबलाशी आले. कागद पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"जास्वंदीला पाकळ्या किती?"

"पुस्तकात पाच आहेत, सर. या फुलात सतरा आहेत."

"मी फुलाचं विचारलं नाही. जास्वंदीचं विचारलं."

"सर, ही जास्वंदच आहे ना?"

सरांना ते उत्तर उद्धट वाटलं. त्यांनी ताटात पाहिलंसुद्धा नाही. आकृतीला वीसपैकी चार दिले आणि तोंडी परीक्षेचा पाचपैकी एक. वहीचे पाच पूर्ण होते, पण बेरीज दहाच झाली. पास व्हायला अकरा हवे होते.

बाकीच्या आठ जणांनी काय केलं? तीच डबल जास्वंद त्यांच्याही समोर होती. हातात भिंग होतं, दोन्ही डोळे शाबूत होते. तरीही आठच्या आठ जणांनी पाच पाकळ्या काढल्या! वर्षभर पाठ केलेलं चित्र त्यांनी कागदावर उतरवलं आणि खरं फूल ताटात तसंच पडू दिलं. त्या आठांना अठरा-अठरा, एकोणीस-एकोणीस गुण मिळाले. जिने पाहिलं ती नापास, आणि ज्यांनी पाहिलं नाही ते पहिल्या वर्गात!

दुपारी गुणांची यादी सहीसाठी सोनटक्के बाईंकडे आली. कस्तुरीच्या नावापुढे दहा पाहून त्या थबकल्या. त्यांनी तिचा कागद मागवला, मग प्रयोगशाळेत गेल्या. ताटं अजून आवरली नव्हती. त्या एकेका ताटाशी थांबल्या, फूल पाहिलं, त्या मुलाचा कागद पाहिला. डबल जास्वंदीच्या नवव्या ताटाशी पोचेपर्यंत त्यांचा चेहरा लाल झाला होता.

त्या तडक मुख्याध्यापक डोईफोडे सरांच्या खोलीत गेल्या. खरमाटे सर तिथे चहा घेत होते.

"मी या यादीवर सही करणार नाही," बाई म्हणाल्या.

"का?" खरमाटे सरांनी विचारलं.

"कारण ही यादी खोटी आहे. चला माझ्याबरोबर."

"मॅडम, मुलीने पुस्तकाप्रमाणे काढलेलं नाही. मी नियमाने गुण दिलेत."

"सर, पुस्तक फुलावरून लिहिलंय. फूल पुस्तकावरून उगवत नाही!"

डोईफोडे सर शांत स्वभावाचे होते. ते उठले. सगळे प्रयोगशाळेत गेले. नऊ मुलांना बोलावून ज्याच्या-त्याच्या ताटापुढे उभं केलं. सुयश पहिला होता.

"तुझ्या फुलाच्या पाकळ्या मोज," मुख्याध्यापक म्हणाले.

सुयशने मोजायला सुरुवात केली. पाचाच्या पुढे त्याचा आवाज बारीक झाला. "...तेरा, चौदा. चौदा आहेत, सर."

"मग तू पाच का काढल्यास?"

सुयश खाली बघत म्हणाला, "सर, पाच काढल्या की मार्क मिळतात."

खरमाटे सर पुढे झाले. त्यांनी कस्तुरीच्या ताटातलं फूल उचललं, पाकळ्या बोटाने बाजूला करून पाहिल्या, आणि बराच वेळ त्या पिवळ्या पिशवीच्या पाकळीकडे बघत राहिले.

"हा पुंकेसरच आहे," ते हळूच म्हणाले. "पाकळी होता होता राहिलेला. डबल जास्वंदीत असं होतं." मग कस्तुरीकडे वळून म्हणाले, "मुली, मी ताटात पाहायला हवं होतं. चूक माझी आहे."

त्यांनी यादी मागून घेतली. कस्तुरीचे चार खोडून एकोणीस केले, तोंडी परीक्षेच्या एकाचे पाच केले, आणि खोडलेल्या जागी स्वतःची सही केली.

"आणि या आठ जणांचं काय?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

सोनटक्के बाईंचा राग अजून उतरला नव्हता. त्या म्हणाल्या, "यांना आत्ता इथेच बसवून पुन्हा आकृती काढू द्या. जे दिसतं ते काढतील, त्याचेच गुण मिळतील. पण सर, यांच्यापेक्षा मोठी गुन्हेगार मी आहे. जशीच्या तशी काढा, असं यांना वर्षभर मीच सांगत होते. एक मुलगी समजून घ्यायला उभी राहायची, तिला मी खाली बसवलं. पोर्शन संपवला मी! आणि शिकवलं काय? डोळे मिटायला!"

कस्तुरी रडत होती. तिला पास झाल्याचा आनंद होता, पण त्याहून जास्त संताप होता. आज ताटं आधीच आवरली गेली असती तर?

आठही मुलांनी पुन्हा आकृत्या काढल्या. ते झाल्यावर सुयश कस्तुरीपाशी आला आणि म्हणाला, "तुला वेडी म्हणालो, चुकलंच माझं." कस्तुरीने नुसती मान हलवली. लगेच माफ करावं असं तिला वाटलं नाही, आणि तिने केलंही नाही.

जूनमध्ये अकरावीचा नवा वर्ग भरला. सोनटक्के बाई आत आल्या आणि त्यांनी आधी मागितल्या त्या उसन्या आणलेल्या प्रयोगवह्या. अकरा निघाल्या. बाईंनी त्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"ऐका," त्या म्हणाल्या. "पाठांतर करू नका असं मी म्हणणार नाही. नावं पाठ करावीच लागतात. धडा घरून वाचून या, म्हणजे वर्गात काय विचारायचं ते कळेल. समजलं नाही तर उभे राहा. कुणी हसलं तर त्याचं मी बघते. पण प्रयोगशाळेत पाऊल टाकलंत की आधी बघायचं, मोजायचं, आणि जे आहे तेच काढायचं. पुस्तक नंतर उघडायचं. दोन्हींत फरक दिसला तर लपवायचा नाही, मला येऊन सांगायचा. जीवशास्त्र तिथूनच सुरू होतं."

मागच्या बाकावरून एका मुलीने भीत भीत विचारलं, "पण बाई, पुस्तकाहून वेगळं काढलं आणि मार्क गेले तर?"

"तर माझ्याकडे ये," बाई म्हणाल्या. "मी भांडेन."

तात्पर्य: पाठ केलेलं उत्तर गुण देईल, पण ज्ञान देतं ते डोळ्यांनी पाहिलेलं आणि न घाबरता सांगितलेलं सत्यच, आणि असं सत्य सांगणाऱ्या विद्यार्थ्याला जो शिक्षक खाली बसवतो, तो स्वतःच नापास होतो.