गफूरमिस्त्रींची टाच

मोटारींना अजून बोलता यायचं, तेव्हाची ही गोष्ट. गावाबाहेरच्या ओसाड धावपट्टीवर दोन-दोन मोटारींची सरळ शर्यत लागे. मधोमध गफूरमिस्त्री उभे राहत. ते दोन्ही चालकांकडे आळीपाळीने बोट दाखवत, त्यांनी मान हलवली की उंच उडी मारून हिरवी झेंडी फडकवत, आणि मोटारी सुसाट सुटत.

पुढे तिथे शर्यत सोडायला दिव्यांचा खांब आला आणि झेंडी शेडमधल्या खिळ्यावर गेली.

"काय दिवस होते!" शेजारी धूळ खात पडलेल्या लाल मोटारीला ती रोज ऐकवी. "सगळ्यांचे डोळे माझ्यावर! मी हलल्याशिवाय एक चाक हलत नसे. त्या खांबाला कोण विचारतंय?"

एक दिवस मोटारीला राहवलं नाही. "ताई, राग मानू नकोस, पण तुझ्याकडे कुणी बघतच नव्हतं. उडी मारण्याआधी मिस्त्रींची उजवी टाच वर व्हायची. आम्ही त्या टाचेवर सुटायचो. तुझी वाट बघणारा हमखास हरायचा."

झेंडीचा चेहराच उतरला. ती खिळ्यावर लोंबकळत राहिली.

बाहेर शर्यत लागली होती. शेडच्या दारातून तिला कुंपणाशी काठी टेकून उभे असलेले म्हातारे गफूरमिस्त्री दिसले. खांबावर पिवळा दिवा लागला. हिरवा लागायच्या आतच त्यांची उजवी टाच हळूच वर झाली.

वारा नसताना झेंडी फडफडली.

"अगं, बघतेस काय," ती मोटारीवर ओरडली, "सूट ना!"