एकीचे माप दुसरीला

पूर्वी गोदावरीच्या काठी प्रतिष्ठान नगरात सोमदेव राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका नावाड्याच्या कुळात जन्मला होता. बापामागे तोच नाव चालवू लागला. त्याची एकुलती बहीण जुळ्या मुलींना जन्म देऊन तिसऱ्या दिवशी वारली. मेहुणा त्याआधीच दक्षिणेच्या वाटेवर तापाने गेला होता. बोधिसत्त्वाने लग्न केले नव्हते. त्याने दोन्ही मुली उचलून आपल्या घरी आणल्या.

शेजारी कुंभाराची बायको मालिनी राहत असे. तिला तेव्हा तान्हे मूल होते. तिने या दोघींनाही अंगावर पाजले. एकदा ती म्हणाली, “दादा, ही एक छातीशी धरली की लगेच लुचायला लागते. दुसरी आधी माझं तोंड नीट बघून घेते, मग पिते. एका दिवशी जन्मल्या, पण जशा दोन गावांहून आल्यात.”

बारशाला बायका म्हणाल्या, एकीला चपला म्हणा आणि दुसरीला मुकी. बोधिसत्त्वाने ते ऐकले नाही. कोवळ्या फांदीला दोरी आवळली तर तिथे वण राहतो आणि नावाचेही तसेच असते, असे तो म्हणाला. त्याने धिटुकलीचे नाव भद्रा ठेवले आणि शांत मुलीचे उत्पला.

मुली पाच वर्षांच्या झाल्या. नाव काठाला लागण्याआधीच भद्रा पाण्यात उडी घेई, प्रवाशांच्या गाठोड्यांत डोकावे, कोणाच्याही मांडीवर जाऊन बसे. उत्पला मामाच्या पाठीआड उभी राही आणि परक्याशी एक शब्द बोलत नसे. दोघींना पोहायला शिकवताना बोधिसत्त्वाने भद्रेच्या कमरेला दोर बांधला. उत्पलेसाठी तो स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला आणि तिला हाक न मारता वाट पाहत राहिला. नवव्या दिवशी ती आपल्या पायांनी पाण्यात उतरली.

नदीपलीकडे श्रेष्ठी यशोदत्त हा धनिक व्यापारी राहत असे. त्याला व त्याची पत्नी वसुमित्रा हिला मूलबाळ नव्हते. नावेतून जाता-येता यशोदत्ताला भद्रेचा लळा लागला. एके दिवशी त्याने तिला दत्तक मागितले. बदल्यात सागवानाची नवी नाव देऊ केली आणि म्हणाला की दुसरी मुलगी गरीब स्वभावाची आहे, ती म्हातारपणी तुझ्याजवळ राहील. बोधिसत्त्वाची नाव जुनी होती, सांध्यांतून पाणी येई. तरी त्याने नावेविषयी काही विचारले नाही. भद्रा आधी आठ दिवस तिकडे राहून पाहू दे, रमली तर पुढचे बोलू, एवढेच तो म्हणाला.

भद्रा हसत गेली. उत्पला रडली नाही. ती वेळेवर जेवली, वेळेवर निजली. हिने सोसले, असे बोधिसत्त्वाला वाटले, आणि तिथे तो चुकला.

चौथ्या दिवशी पलीकडून नाव भरून आली. उत्पला मामाच्या पाठीआडून बाहेर आली आणि एकेका प्रवाशासमोर उभी राहून विचारू लागली, तुम्ही श्रेष्ठींच्या घराजवळून आलात का, माझी बहीण जेवते का? जिचा आवाज घाटावर कोणी ऐकला नव्हता, ती सतरा परक्या माणसांशी बोलली. शेवटी एक दळणवाली म्हणाली की ती पोर उंबऱ्यावर बसून असते, कोणाकडे पाहत नाही. उत्पला नावेत जाऊन बसली.

“मामा, मला तिकडे ने,” ती म्हणाली.

श्रेष्ठींचे दार मोठे होते, आत दासदासींची गर्दी होती. उत्पला सरळ आत गेली. भद्रा वसुमित्रेच्या पदराआड तोंड लपवून बसली होती. बहिणीला पाहून ती उठली, तिने तिचा हात घट्ट धरला आणि चार दिवसांनी पहिल्यांदा भाकरी मागितली.

वसुमित्रेने दोघींकडे पाहिले. मग ती पतीला म्हणाली, “यातली धीट कुठली आणि भित्री कुठली, हे आता मला सांगता येईना. मी एकीला निवडणार नाही.”

यशोदत्ताने तेव्हा दोघींनाही मागितले. बोधिसत्त्वाने मुलींना विचारले. भद्रा म्हणाली, ही असेल तर मी राहीन.  उत्पला वसुमित्रेचे तोंड नीट पाहत होती. बऱ्याच वेळाने ती तिच्या मांडीला टेकून बसली. ते पाहून बोधिसत्त्वाला आत काही तुटल्यासारखे वाटले, आणि आनंदही झाला. या मुलींना आईची मांडी कधी मिळाली नव्हती.

तो म्हणाला, “दोघींना घ्या. नाव मला नको. पोरींच्या बदल्यात घेतलेल्या नावेत मला वल्हं धरवणार नाही. एवढंच करा, की एकीचं माप दुसरीला लावू नका. एकीला धरावं लागतं, दुसरीसाठी थांबावं लागतं.”

त्या दिवशी तो रिकामी नाव घेऊन परतला. मध्यावर त्याने वल्हे थांबवले आणि बराच वेळ प्रवाहात बसून राहिला. पुढे वसुमित्रा दर आठवड्याला दोघींना घेऊन घाटावर येई. मुलींनी त्याला अखेरपर्यंत सांभाळले.

विहारात जमलेल्यांना ही गोष्ट सांगून शास्ते भगवान थांबले. त्या सकाळी एक उपासिका जुळ्या मुलग्यांना घेऊन विहारात आली होती आणि एकासारखा दुसरा का नाही, अशी तक्रार करीत होती. शास्ते तिला म्हणाले, “बाई, तेव्हाची वसुमित्रा तूच होतीस. श्रेष्ठी यशोदत्त म्हणजे आता तुझा नवरा. भद्रा म्हणजे तो तिकडे भिक्षूंची पात्रे वाजवणारा मुलगा, आणि उत्पला म्हणजे तुझ्या पाठीआडून माझ्याकडे पाहणारा हा. तो नावाडी मी होतो. त्या जन्मी मी मैत्रीची पारमिता, म्हणजे तिची परिपूर्णता, साधली. प्रत्येकाला त्याच्या स्वभावासकट आपले म्हणणे, हीच मैत्री.”