सुपारीची वाटी

राजा दुर्जयसिंहाच्या दवाखान्यात विंचवाचं औषध होतं, जुलाबाचं होतं, भाजल्याचं होतं. फक्त ते मिळत नसे! औषधं तांब्याच्या वाट्यांत, वाट्या कपाटात, कपाटाला कुलूप, कुलपाची किल्ली चांदीच्या साखळीने राजाच्या कमरेला. आणि राजा दुपारी जेवून आडवा झाला की दिवेलागणीपर्यंत त्याला उठवायची कुणाची छाती नव्हती.

दवाखान्यात औषध कुटणारी गोजरा हे सगळं सोसत होती. पण एका दुपारी तिच्या जावेलाच विंचू चावला. कपाटासमोर ती बिचारी तडफडत पडली, आणि पलीकडे वाड्यात राजा घोरत होता. राजा उठेपर्यंत जाऊ बेशुद्ध झाली. जगली, हे नशीब! गोजराचं डोकं मात्र सणकलं. हातातला बत्ता तसाच घेऊन ती दरबारात शिरली.

"म्हाराज, औषध लोकांसाठी हाय का कपाटासाठी?"

"आणीबाणीसाठी आहे!" राजा गरजला. "वाटत सुटलो तर संपेल. मग आणीबाणीत काय देणार?"

"मग माझ्या जावेला चावला तो विंचू काय पाहुणा म्हणून आला व्हता?"

दरबार खुसखुसला. राजा लालबुंद झाला.

"फार शहाणी झालीस! ही घे किल्ली. मागेल त्याला औषध दे. पण अमावास्येला मी येईन तेव्हा कपाटातली प्रत्येक वाटी जागेवर आणि काठोकाठ भरलेली पाहिजे. खजिन्यातून छदाम मिळणार नाही! एक जरी वाटी कमी दिसली, तर बिऱ्हाड उचलून शिवेबाहेर चालती हो!"

"चालंल!" म्हणत गोजराने किल्ली कमरेला खोचली.

दुसऱ्या दिवसापासून तिने औषध वाटायला सुरुवात केली. तेही दवाखान्याचा शिक्का मारलेल्या तांब्याच्या वाटीसकट! दवाखान्याच्या वैद्यबुवांनी कपाळावर हात मारला.

"अगं बाई, पुडी बांधून दे! वाटी गेली की गेली!"

"जाऊ द्या की, बुवा."

"तुझ्याबरोबर मीही जाईन शिवेबाहेर!"

एकदा भरदुपारी वाड्यातला हुजऱ्या तोंडावर उपरणं ओढून आला. "पोटात मुरडा आहे." कुणाच्या, ते सांगेना. "फणस जास्त झाला," एवढंच पुटपुटला, वाटी घेतली आणि पळाला. कपाट ओस पडत चाललं. वैद्यबुवांनी तर गुपचूप भांडीकुंडी बांधायला घेतली.

मग एक कुंभारीण वाटी परत घेऊन आली. वाटीत लाडू! शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत तिला कुणी शिकवायला नको होती. लाडू वैद्यबुवांनी तिथल्या तिथे संपवला.

गोजराला हवं होतं ते घडलं होतं. त्या दिवसापासून औषध देताना ती प्रत्येकाला बजावू लागली, "वाटी आणशील तेव्हा गूळ-तांदूळ नको. इंचवावरची आघाड्याची मुळी घाल, मुरड्यावरची कुड्याची साल घाल, न्हाईतर भाजल्यावर लावायला परसातली कोरफड. पण रिकामी आणू नगंस!"

"रिकामी कशी आणीन, बाई? लाज नाही का आम्हाला?" लोक म्हणत.

वाट्या भरून येऊ लागल्या. गोजरा कुटत होती, वैद्यबुवा तपासून कपाटात मांडत होते. लाडू बंद झाल्यामुळे ते जरा खट्टू होते, एवढंच.

अमावास्येला राजा आला. मागे हुजऱ्या सुपारी घेऊन उभा. राजाने आधी किल्ली परत घेऊन कमरेला अडकवली, मग कपाट उघडलं. ताज्या औषधांचा उग्र वास नाकात शिरला. वाट्या काठोकाठ भरलेल्या! राजाचं तोंड उतरलं. एवढ्यात वरच्या फळीवर त्याला मोकळी जागा दिसली.

"हरलीस! एक वाटी कमी! बांध बिऱ्हाड!"

वैद्यबुवांनी भांड्याकुंड्यांचं गाठोडं जवळ ओढलं. गोजरा जागची हलली नाही.

"म्हाराज, कुंभाराची वाटी आली, धनगराची आली. गावकुसाबाहेरच्या भिकाऱ्यानंबी पाला भरून वाटी आणून दिली. येका घरची तेवढी राहिली."

"कोण तो निर्लज्ज? नाव सांग! भर दरबारात उभा करतो त्याला!"

"उभंच हायेत, म्हाराज. आपली सुपारी कशात हाय, ते जरा बघा."

राजाने वळून पाहिलं. हुजऱ्या छताकडे बघत होता. त्याच्या हातात तांब्याची वाटी होती आणि वाटीवर दवाखान्याचा शिक्का!

राजाचा हात नकळत पोटावर गेला.

"फणस..." तो पुटपुटला आणि असा काही हसत सुटला की तोंडातली सुपारी वैद्यबुवांच्या पगडीवर जाऊन पडली.

डोळे पुसत त्याने वाटीतली सुपारी फेकून दिली. कमरेची किल्ली चांदीच्या साखळीसकट काढली, वाटीत ठेवली आणि वाटी गोजरापुढे धरली.

"घे! रिकामी परत करायची नसते ना? आजपासून या कपाटाची मालकीण तू. मला हवं असलं तर मीही तुझ्याकडेच मागेन!"

गोजराने वाटी कपाळाला लावली. किल्ली साखळीतून सोडवून कमरेला खोचली, साखळी गळ्यात घातली आणि वाटी पुन्हा राजाच्या हातात ठेवली.

"मग आता कुड्याची साल भरून आणा, म्हाराज. फणसाचे दिवस अजून सरलं न्हाईत!"