अर्जुनाच्या सालीवरची ओळ

जंगलात झाडांच्या सालीवरच लिहिलं जायचं, त्या काळातली ही गोष्ट. विषारी वेल कुजून डोहाचं पाणी नासलं, तेव्हा सुतार पक्ष्यानं काठच्या अर्जुनाच्या झाडावर इशारा कोरला: ‘हे तृषार्त वनचरहो, प्रस्तुत जलाशयातील उदकाचे प्राशन सर्वथैव अनिष्ट होय!’

“वा, काय भाषा आहे!” जनावरांनी माना डोलावल्या. अर्थ कुणालाच कळला नाही. एक पाडस पुढे होऊन पाणी प्यालं आणि काठावरच आडवं झालं.

सुतार पुन्हा खोडावर बसला. “आता याहून जड शब्द घालतो.”

“बाबा रे, तुझं एकेक अक्षर मला दुखतं,” अर्जुन म्हणाला. “ज्यासाठी दुखणं सोसावं, तेवढंच कोर. शब्द हवेत तर तिला विचार.”

पाडसाची आई बुंध्याशी बसली होती. ती जे बोलली, तेच सुतारानं कोरलं: ‘माझं बाळ इथं शेवटचं पाणी प्यालं.’

भर दुपारी तहानेनं धापा टाकत वाघ आला. त्यानं ओळ वाचली. सगळं जंगल श्वास रोखून पाहत होतं. वाघ पाण्याला न शिवता वळला आणि हरिणीच्या अगदी जवळून, मान खाली घालून निघून गेला.