मागावरचा चष्मा

खूप खूप वर्षांपूर्वी विणकरांच्या एका गावात एक चष्मेवाला राहायचा. हात मोठा कसबी, पण स्वभाव? नाकावर माशी बसू द्यायचा नाही! गिऱ्हाईक आलं, की तो त्याच्या हाती पोथी द्यायचा. पोथी वाचता आली, की चष्मा बरोबर. ही त्याची ठरलेली रीत.

एकदा एक म्हातारी विणकरीण आली. जत्रेसाठी देवीचं महावस्त्र दरवर्षी तीच विणायची. नवा चष्मा लावून तिने पोथी घडाघडा वाचली आणि खुशीत घरी गेली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात हजर!

"बाबा रे, मागावर बसलं की धागेच दिसत नाहीत. जत्रा तोंडावर आली. लोक म्हणतात, म्हातारी थकली, महावस्त्र दुसऱ्याला द्या."

"पोथी तर वाचलीत की, आजी! चष्म्यात खोट नाही. वय झालं तुमचं, त्याला मी काय करू?"

दुकानातली माणसं फिदीफिदी हसली. आजीने चष्मा काढून फळीवर ठेवला. "मग माग विकून टाकते," म्हणाली आणि वळली.

चष्मेवाला पेचात पडला. चूक कबूल करावी तर चारचौघांत हसं होणार, गप्प बसावं तर आजीचा माग जाणार. शेवटी तो उठलाच.

"थांबा आजी! माझंच काही चुकलं असेल. चला, तुमचा माग दाखवा मला."

फळीवरचा चष्मा उचलून, दुकान तसंच टाकून तो तिच्या घरी गेला. आजी चष्मा लावून मागावर बसली. पाहतो तर काय! पोथी तिने डोळ्यांजवळ धरली होती, धागे मात्र हातभर लांब! शिवाय वाकली की चष्मा घसरून थेट नाकाच्या शेंड्यावर.

चष्मेवाल्याने कपाळावर हात मारला. "आजी, तुम्हाला हवा होता मागाचा चष्मा, मी दिला पोथीचा. चुकलं माझं!"

डोळ्यांपासून धाग्यांपर्यंत दोरी धरून त्याने तिथेच अंतर मोजलं. दुकानात जाऊन नव्या काचा घासल्या, परत येऊन काड्या तिच्या कानांमागे नीट वळवल्या. आजीने चष्मा चढवला आणि ओरडलीच, "अगं बाई! तार न् तार दिसतेय की रे!" मागावरचा धोटा धागा घेऊन असा सटासट पळू लागला, की शेजारीपाजारी धावत आले.

जत्रेत देवीच्या अंगावर आजीचं महावस्त्र झळकलं. पालखीपुढे चालायचा मान तिलाच मिळाला. तिने गर्दीतून चष्मेवाल्याला हाताला धरून ओढलं. "मागे काय उभा राहतोस? चल माझ्याबरोबर!" ढोल दणाणले, गुलाल उधळला, आणि त्या दिवशी हसलेली माणसंच चष्मेवाल्याच्या नावाने टाळ्या पिटू लागली.

तात्पर्य: 'चुकलं माझं' म्हणायला जो लाजत नाही, त्याच्याच हातून दुसऱ्याचं भलं होतं.