येसनाकाची दवंडी

फार वर्षांपूर्वी, आपल्या डोंगरावर आपलीच गुरं चरायची तेव्हाची ही गोष्ट. गावातले म्हातारे ती सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो.

वडघळ गावात येसनाक नावाचा महार होता. गावची दवंडी त्याच्याकडे. सरकारचा हुकूम आला की गळ्यात डफ अडकवायचा, वेशीत पुकारायचं, चावडीपाशी पुकारायचं आणि शेवटी वडाच्या पारासमोर उभं राहायचं. खाली. पारावर पाय ठेवायची त्याला मुभा नव्हती. वर पाटील आणि गावचे चार वडीलधारे बसलेले. पुकारा संपला की पाटील वरून म्हणायचा, ऐकलं. तेवढ्याने हुकूम लागू. पाटलाने ऐकलं म्हणजे गावाने मानलं, अशी रीत.

असं म्हणतात की येसनाक दिलेली दवंडी कधी विसरत नसे.

आधी इंग्रजाचा हुकूम आला, रानातलं लाकूड तोडायचं नाही. कुंभारांच्या भट्ट्या विझल्या. पाटील म्हणाला, ऐकलं. त्याच्या परड्यात लाकूड रचलेलं होतं. मग हुकूम आला, हिरडा वेचायचा नाही. डोंगरातल्या कोळ्यांच्या चुली थंडावल्या. पाटील म्हणाला, ऐकलं. मग साहेब शिकारीला आला की घरटी एक माणूस फुकट ओझी वाहायला. ओझी वाहिली महारांनी आणि कुणब्यांनी. ऐकलं म्हणणारा पाटीलच.

कुंभार म्हणायचा, माझं लाकूड गेलं. कोळी म्हणायचा, माझा हिरडा गेला. जो तो आपल्याच दारात रडत होता. वडीलधारे सांगत, वारा येईल तशी पाठ फिरवावी. त्यांचा सगळा जन्म पाठ फिरवण्यात गेला.

मग एका वर्षी पाऊस रुसला. बांधावर काडी उरली नाही. गवत होतं ते फक्त गावच्या कुरणात, आणि नेमका तेव्हाच चौथा हुकूम आला, कुरण बंद. आत दिसलेलं जनावर सरकारजमा. कुरण गेलं तर शिमग्यापर्यंत गावात एक शेपूट हललं नसतं.

जंगलखात्याचा शिपाई सोबत उभा राहिला. येसनाकाने वेशीत पुकारलं, चावडीपाशी पुकारलं. पारासमोर आला, आणि असं म्हणतात की तिथे त्याने डफ तीनदा वाजवला आणि पहिल्या हुकुमापासून सुरुवात केली.

"ऐका हो ऐका. लाकूड गेलं, वरून म्हणाले ऐकलं. हिरडा गेला, वरून म्हणाले ऐकलं. माणसं ओझ्याला जुंपली, वरून म्हणाले ऐकलं. आज कुरण चाललं. सगळं एकाच हाताने नेलंय हो. ऐकलं का?"

पाटील म्हणाला, "येस्या, सांगितलंय तेवढंच बोल."

"जी. आजवर सांगितलेलं सगळंच बोललो."

पाटलाने तोंड उघडलं. पण त्याच्या आधी खालच्या गर्दीतून सरू कुंभारीण बोलली, "ऐकलं. मानलं नाही."

खालून कुणी उत्तर द्यायचं, तेही बाईने, हे वडघळात कधी घडलं नव्हतं. मग कोळी बोलले. मग कुणबी. असं म्हणतात की त्या आवाजाने वडाची पानं गळून पडली आणि पारावरचे पाच जण उघड्यावर दिसले.

दुसऱ्या दिवशी अख्खं गाव विळे घेऊन कुरणात उतरलं. पाटील आणि चारही वडीलधारे आले नाहीत. त्यांना ताप होता, असं त्यांचे नातू सांगतात. पाचांनाही एकदम.

बंदुका आल्या, लाठ्या चालल्या. शिपायाने डफ बुटाखाली फोडला. येसनाकाला तुरुंगात नेलं, तो परत आला नाही. फुटका डफ सरूने वडाला टांगला. असं म्हणतात की तो वाऱ्यावर आपोआप वाजायचा आणि अठरा गावांत ऐकू जायचा. तिथले दवंडीवाले उठले आणि आपापले जुने हुकूम एका दमात पुकारू लागले. गवत मागायला निघालेली माणसं शेवटी देश मागू लागली. साहेब गेला त्या दिवशी डफ एकदाच घुमला आणि गप्प झाला.

चावडीवर झेंडा पाटलाच्या मुलाने चढवला. शाळेतल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या फरशीवर नावही पाटलाचंच आहे.

पण दरवर्षी गवत पिकलं की वडघळात दवंडी असते. पुकारणारा येसनाकाच्या वस्तीतला असतो आणि तो पारावर उभा राहतो. सरपंच, पुढारी, म्हातारे, सगळे खाली. वर्षभरात कुणाचं काय गेलं आणि कुणी नेलं, ते तो नावानिशी सांगतो. नुसतं ऐकलं म्हणून ती दवंडी पुरी होत नाही. गेलेलं परत येईपर्यंत त्याने खाली उतरायचं नाही, अशी आता रीत आहे.

गेल्या वर्षी पुकारा झाला, येसनाकाच्या वस्तीचा नळ वर्षभर कोरडा आहे. सरपंच खालून म्हणाला, ऐकलं. पुकारणारा पारावर बसून राहिला, आणि आम्ही सगळे त्याच्याभोवती बसलो.

चौथ्या दिवशी पाणी आलं, तेव्हा तो उतरला.